पहारेकऱ्याची खोली

१

रविवारी दुपारी दवाखाना बंद असे. आठवडाभर ज्या खोलीत माणसे गाल धरून आपला नंबर लागण्याची वाट पाहत, त्याच खोलीत रविवारी चार शहाणीसुरती, केस पिकू लागलेली माणसे खेळायला जमत. दंतवैद्यीणबाई खुर्च्या ओढून बुटक्या टेबलाभोवती मांडत, जुनी मासिके उचलून खिडकीत ठेवत आणि दाराला आतून कडी घालत. एवढ्या वयाच्या माणसांनी काय खेळावे याविषयी शेजारपाजाऱ्यांची मते त्यांना ठाऊक होती.

खेळ म्हटला तर पटावरचा, पण पट नावालाच. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि त्या सोंगाच्या तोंडून बोलायचे. सूत्रधार असत ग्रंथपाल. एक कल्पित शहर ते इतक्या बारकाईने सांगत, की ऐकणाऱ्याला आपल्या पायांखालची फरशी परकी वाटावी. त्या शहरात मनोरे ढगांत शिरलेले होते, जाहिरातींचे दिवे कधी मालवत नव्हते, धनवान मंडळी मांत्रिकांना पगारावर ठेवत आणि गरीब माणसे आपले हातपाय विकून लोखंडाचे बसवून घेत. अशा शहरात उरलेल्या तिघांनी मिळून चोरीच्या मोहिमा आखायच्या. जमेल की फसेल अशी शंका आली, की फासा टाकायचा; फासा म्हणेल ते खरे.

दंतवैद्यीणबाई स्वतः शिडशिडीत आणि बोलघेवड्या. त्यांचे सोंग ‘भिंताड’ नावाच्या धिप्पाड राक्षसाचे. वायरमन आठवडाभर लोकांच्या घरचे दिवे दुरुस्त करी. खेळात तो ‘ठिणगी’ नावाचा मांत्रिक होई आणि तारांमधून मंत्र सोडी. तिसरी ती. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत तिची नोकरी, म्हणून मोहिमांचे नकाशे तिच्याकडेच असत आणि सगळे तिला नकाशाबाई म्हणत. तिचे सोंग ‘बिनघोर’ या बाईचे. बिनघोरचा डावा हात पोलादाचा होता, चाल मांजरीची, आणि तिला घर नव्हते, नाते नव्हते, तिची वाट पाहणारे कोणी नव्हते.

त्या आठवड्यात कचेरीत कामाचा ढीग पडला आणि नवा नकाशा काढायला तिला सवड मिळाली नाही. शेवटी तिने आपल्याच घराचा आराखडा ट्रेसिंग कागदावर उतरवला. स्वयंपाकघराला प्रयोगशाळा म्हटले, गॅलरीला हवाई गाड्या लागण्याचा धक्का, आणि भिंतीतल्या कपाटाला तिजोरी. तिजोरीकडे जाणाऱ्या वाटेवर एक खोली तेवढी बिननावाची उरली.

“या खोलीत कोण असतं, बाई?” ग्रंथपालांनी तिथे बोट ठेवून विचारले.

तिने फार विचार केला नाही. “म्हातारा पहारेकरी,” ती म्हणाली. “अर्धा माणूस, अर्धा यंत्र. झोपत म्हणून नाही. जरा कुठं खुट्ट झालं की ओरडतो.” आणि मान वाकडी करून, हनुवटी थरथरवत, तिने घोगऱ्या आवाजात ओरडून दाखवले, “कोण आहेऽ? कोण आलंऽ?”

वायरमन हसून हसून टेबलावर वाकला. “ताई, परत एकदा. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ.”

तिने परत एकदा केले. या खेपेला तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ पुसल्याची खूणही केली. दंतवैद्यीणबाईंनी डोळे पुसले. ग्रंथपाल मात्र हसले नाहीत, त्यांनी डोळे मिटून तो आवाज एखाद्या गाण्याच्या चालीसारखा मनात घोळवला आणि म्हणाले, “बसवतो मी त्याला.”

घरी परतताना वाटभर तिचे कान तापलेले होते. कुलपात किल्ली फिरली, दार जरासे कुरकुरले, आणि आतल्या खोलीतून हाक आली.

“कोण आहेऽ? कोण आलंऽ?”

२

घरात ती आणि तिचे वडील, दोघेच. कमरेचे हाड मोडल्यापासून अप्पा अंथरुणाला खिळले होते. उभ्या हयातीत त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. पट्टीवाचून सरळ रेघ कशी ओढावी हे तिलाही त्यांनीच शिकवले होते. आता त्यांच्या हातून पेला धरला जात नव्हता, पण कान शाबूत होते. नळ सुटला, वारा आला, शेजारी खुर्ची सरकली, की हाक. ती कामावर असताना एक मावशी त्यांना सांभाळत, रविवारी दुपारीही येत. बाकी सगळ्या वेळच्या हाका तिच्या वाट्याच्या होत्या. “मी आहे, अप्पा,” हे तीन शब्द उच्चारून उच्चारून तिच्या जिभेला घट्टे पडले होते म्हटले तरी चालेल.

पुढच्या रविवारी मोहिमेची आखणी सुरू झाली. आखणीच्या बाबतीत या मंडळींचा एक दंडक होता. तिघांनी टेबलावर पालथा हात ठेवला, की योजना ठरली; मग ती कोणी मोडायची नाही, सूत्रधारानेसुद्धा नाही. दुसरा दंडक गैरहजेरीचा. एखादा खेळाडू आला नाही तरी त्याचे सोंग सुट्टीवर जात नसे; शेजारी बसलेल्याने ते चालवायचे. हे नियम पाळले म्हणूनच इतकी वर्षे भांडण न होता खेळ टिकला, असे दंतवैद्यीणबाई अभिमानाने सांगत.

“बाकी सगळं सोपं आहे,” वायरमन नकाशावर झुकून म्हणाला. “घोळ एकच. हा म्हातारा बोंबलला की संपलं.”

“मग आधी त्याची बोलती बंद करा,” दंतवैद्यीणबाई म्हणाल्या. “मी तर रोज लोकांची करते. तोंडात कापूस घातला की भलेभले गप्प.”

ठरले ते असे. ठिणगीने मौनाचा मंत्र एका बारीक तारेत भरायचा. ज्याच्या गळ्याला ती तार लागेल त्याचा आवाज कायमचा जाईल. तार घेऊन आत जायचे बिनघोरने, कारण तिचे पाऊल वाजत नाही.

तिने स्वतःला सांगितले, की कागदावरची खोली म्हणजे खोली नव्हे. तिने टेबलावर हात पालथा ठेवला.

फासाही तिनेच टाकला. तो टेबलाच्या कडेशी जाऊन, डळमळून, हवा तितका पडला. वायरमनने टाळी दिली. ग्रंथपालांनी हलक्या आवाजात सांगितले, “म्हातारा जागाच आहे. तुम्ही वाकता तेव्हा तो तुमच्याकडे पाहतो. ओळखीचं माणूस आल्यासारखा. मग तार गळ्याला लागते.”

३

त्या संध्याकाळी दार कुरकुरले, आणि आतून हाक आली नाही.

“आज अगदी शहाण्यासारखे पडून आहेत,” मावशी चपला पायांत सरकवत म्हणाल्या. “दुपारपासून एक हाक नाही. मला मेलीला डुलकीसुद्धा लागली.”

ती आत गेली. अप्पा जागे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, तोंड उघडले, गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठांनी शब्द केले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी थरथरता हात उचलून गळ्याशी नेला आणि तिथे काहीतरी चाचपले, सदऱ्याची घट्ट गुंडी सोडवावी तसे.

डॉक्टर आले, बॅटरीने घसा पाहून गेले. या वयात असे होते, म्हणाले. एखादी नस दुखावली असेल, येईलही परत आवाज. डॉक्टरांचे बोलणे पटण्यासारखे होते आणि ती सुशिक्षित होती, म्हणून तिने ते पटवून घेतले. दुपारी दवाखान्यात फासा पडला आणि दुपारीच अप्पांचा आवाज गेला, हा योगायोग. अशा गोष्टींसाठीच तर हा शब्द आहे.

त्या रात्री घरात कोणी हाक मारली नाही. ती सकाळपर्यंत झोपली. कित्येक महिन्यांत झोपली नव्हती इतकी गाढ. उठल्यावर अंग हलके वाटले, चहाला चव लागली, आणि कपबशी विसळताना आपण गुणगुणतो आहोत हे तिच्या ध्यानात आले.

तेव्हा तिने नळ बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. वडिलांची वाचा गेली होती आणि लेक गाणे म्हणत होती. ही गोष्ट जगात कोणालाही सांगता येण्यासारखी नव्हती.

४

सगळे सांगून टाकायचे, असे ठरवूनच ती पुढच्या रविवारी गेली. वाक्यही तयार ठेवले होते: ते घर माझे आहे आणि तो म्हातारा माझे वडील आहेत, तेवढी खोली गाळून टाका. पण तिथे गेल्यावर खुर्ची ओढेस्तोवर वायरमन म्हणाला, “ताई, आधी म्हाताऱ्याची नक्कल. त्याशिवाय मूड येत नाही,” आणि ते वाक्य तिच्या घशातच राहिले. सांगायचे म्हणजे काय सांगायचे? की मी त्या रविवारी तुम्हाला हसवले ते माझ्या बापाच्या लाळेवर?

“आज नको,” ती म्हणाली. “घसा बसलाय.”

ग्रंथपालांनी खोलीचे वर्णन सुरू केले. “पलंग भिंतीला लागून. उशाशी औषधांचा वास. खिडकीच्या गजाला एक पंचा गाठ मारून बांधलेला, म्हाताऱ्याला धरून कूस वळवता यावी म्हणून.”

तिने मान वर केली. तो पंचा तिने स्वतः बांधला होता. या मंडळींपैकी कोणी तिच्या घरी कधी आलेले नव्हते.

“पंचा कशावरून, सर?”

“तुम्हीच काढलाय की, बाई,” ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला.

खिडकीच्या जागी एक बारीक वळण आणि त्याला गाठ होती. ती तिने काढली नव्हती. आराखड्यात कोणी पंचे दाखवत नाही. कचेरीत असे काही केले असते तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. पण रेघ तिच्या हातची होती. कोपऱ्यावर थांबायचे सोडून केसभर पुढे जायची खोड तिला लहानपणापासून होती, आणि त्यापायी अप्पांची पट्टी बोटांवर बसे. ती रेघही केसभर पुढे गेली होती. विसरले असेन, तिने मनाला समजावले. दमलेल्या माणसाचा हात आपल्या मनाने चालतो.

“आवाज गेला हे ठीक,” वायरमन म्हणाला, “पण त्याचे डोळे आहेत. तो बघतोय. भिंताड आत शिरला की गजराची दोरी ओढणार.”

“मग त्याला कायमचा झोपवू,” दंतवैद्यीणबाई अगदी सहज म्हणाल्या. “तसाही झोपत नाही म्हणे. पुण्यच लागेल आपल्याला.”

“जाऊ द्या ना त्याला,” ती म्हणाली. “दुसरी वाट काढू. गॅलरीतून.”

“अहो नकाशाबाई,” वायरमन म्हणाला, “गॅलरीतून तिजोरीकडे दारच नाही. तुम्हीच नाही ठेवलंत.”

“म्हातारा माणूस आहे.”

“ऐका,” दंतवैद्यीणबाई वायरमनला म्हणाल्या, “आमच्या बिनघोरला दया आली. गेल्या मोहिमेत हिनं अख्खी चौकी उडवून दिली तेव्हा कुठं गेली होती गं दया?” आणि त्यांनी आपला हात टेबलावर ठेवला. वायरमनने ठेवला. मग दोघे तिच्याकडे पाहू लागले. त्या पाहण्यात वावगे काही नव्हते. हसरी, ओळखीची, आपली माणसे होती. एकच वाक्य बोलायचे होते. ते बोलल्यावर हीच माणसे आपल्याकडे कशी पाहतील, हे तिला स्वच्छ दिसले, आणि त्या दृष्टीपेक्षा दुसरे काहीही परवडेल असे वाटले.

तिचा हात टेबलावर गेला. आपण तो ठेवला, की तो गेला, हे तिने पुढे अनेकदा आठवून पाहिले.

“ठरलं,” ग्रंथपाल म्हणाले. “पुढच्या रविवारी आत जायचं.”

५

त्या आठवड्यात घर फार शांत होते, म्हणून लहानसहान आवाज ऐकू येत.

भिंतीवर टक, टक, टक असे काहीतरी वाजे आणि पुढे सरके. जागा मोजत जावे तसे. आधी बाहेरची खोली, मग आतला बोळ, मग अप्पांच्या दाराची चौकट. चौकटीशी येऊन थांबे. नळाच्या जुन्या वाहिन्या तापल्या-निवल्या की वाजतात, हे इमारतींत आयुष्य घालवलेल्या बाईला कोणी सांगायला नको होते. मात्र त्या भिंतीतून वाहिनी जात नव्हती, हेही तिला सांगायला नको होते. तो आराखडा तिनेच काढला होता.

एकदा ती अप्पांना खिमट भरवत असताना त्यांनी चमच्यापासून तोंड फिरवले. ते तिच्या खांद्याच्या मागे पाहत होते. नजर घाबरलेली नव्हती. वर्गात एखादी मुलगी उशिरा येऊन दारात उभी राहिली, की तिला आत यावे की न यावे कळत नसते, आणि मास्तर तिच्याकडे जसे पाहतात, तसे पाहत होते. तिने मागे वळून पाहिले. बोळ रिकामा होता.

“कोणी नाही, अप्पा,” ती म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिले, पुन्हा तिच्या मागे पाहिले, आणि ओठ हलवून काहीतरी विचारले.

त्या क्षणी त्यांना सगळे सांगून टाकावे असे तिच्या फार मनात आले. ते बोलू शकत नव्हते, म्हणजे रागावूही शकत नव्हते. इतका सोयीचा श्रोता मिळाला नसता. आणि ही सोय आपल्याला सुचली याचीच तिला इतकी शरम वाटली, की तिने उरलेले खिमट वाटीत ढवळले, त्यांचे तोंड पुसले, उशी सारखी केली आणि खोलीबाहेर आली.

६

रविवारी तिने मावशींना सुट्टी दिली. दंतवैद्यीणबाईंना कळवले की अंगात कणकण आहे, येत नाही. दाराला कडी घातली, वरची खिट्टी लावली, आणि अप्पांच्या पलंगाच्या कडेला, त्यांच्या पायांशी बसून राहिली. बिनघोरवाचून ही मोहीम होणार नाही, असा तिचा हिशेब होता.

ऊन गॅलरीतून बोळापर्यंत आले. रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होते, बादलीचा आवाज येत होता. अप्पा डोळे उघडे ठेवून पडले होते. सारे इतके रोजच्यासारखे होते, की आपल्याच मूर्खपणाचे तिला हसू येऊ लागले. आणि त्या अर्धवट हसण्यातच तिला गैरहजेरीचा दंडक आठवला.

खुर्ची रिकामी राहिली, तरी सोंग हजर असते.

बोळापलीकडे दिसणाऱ्या बाहेरच्या दाराची खिट्टी खाली आली. ती पडली नाही. जपून, आवाज न होऊ देता, एका बोटाने उतरवावी तशी उतरली. मग कडी. दार कुरकुरले नाही. जे दार रोज कुरकुरे ते त्या दिवशी कुरकुरले नाही, याचे तिला जितके भय वाटले तितके कुरकुरण्याचे वाटले नसते. बोळात पाऊल वाजत नव्हते. तिथल्या उन्हातून फक्त काहीतरी आडवे गेले.

तिने दवाखान्यात फोन लावला. बराच वेळ घंटी वाजल्यावर दंतवैद्यीणबाईंनी तो घेतला. मागे हशा चालला होता.

“काय गं, उतरली का कणकण? काय सांगू, आज रंग चढलाय नुसता. तुझी बिनघोर काय खेळतेय. आत पोचलीसुद्धा.”

“थांबवा,” ती म्हणाली. “तिला कोण खेळतंय?”

“कोण म्हणजे? हा वायरमन. होय ना रे?”

“मी कुठं?” मागून वायरमनचा आवाज आला. “मला वाटलं तुम्हीच खेळताय.”

“अरे, मी भिंताड. मग सर?”

“मी सूत्रधार,” ग्रंथपाल म्हणाले. “मी कसा खेळेन?”

टेबलाभोवतीचा हशा विरत गेला. तिघे एकमेकांकडे पाहत असावेत. आणि त्या शांततेत, फोनच्या पलीकडे, दवाखान्यातल्या त्या खोलीत, कोणीतरी घोगऱ्या, थकलेल्या आवाजात हाक मारली.

“कोण आहेऽ? कोण आलंऽ?”

ती ग्रंथपालांनी केलेली नक्कल नव्हती. नक्कल कशी असते हे तिला माहीत होते.

७

“ऐका,” ती म्हणाली. आता पुढे-मागे पाहायला जागाच उरली नव्हती. “ते घर माझं आहे. तो म्हातारा पहारेकरी म्हणजे माझे वडील. मी त्यांचीच नक्कल करून दाखवली तुम्हाला. त्यांचा आवाज गेला त्या दिवशी मला बरं वाटलं. हे सगळं मी आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. आता तो डाव मोडा.”

पलीकडे टेबलावर फोन ठेवल्यासारखा आवाज झाला. मग खुर्ची सरकल्याचा. मग, बोलण्यापूर्वी अप्पा नेहमी खाकरत तसे, कोणीतरी खाकरले.

“टिटवे,” फोनमधून आवाज आला.

टिटवीसारखी चिरक्या आवाजात रडे म्हणून अप्पा तिला लहानपणी या नावाने हाक मारत. ती शाळेत गेल्यावर तिनेच ती हाक बंद करायला लावली होती. त्यानंतर ते नाव ना कोणी उच्चारले होते, ना तिने कोणाला सांगितले होते.

तिने पलंगाकडे पाहिले. अप्पा तिच्याकडेच पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, आणि जे शब्द ओठांवर दिसत होते ते कानाशी धरलेल्या फोनमधून ऐकू येत होते.

“मला ठाऊक होतं गं. स्वयंपाकघरात करायचीस ना माझी नक्कल, भांडी घासताना? ऐकू यायची इथं. मला दुसरा उद्योग काय, ऐकण्याशिवाय.” ओठ थांबले, त्यांनी जिभेने ते ओले केले, फोनमध्येही तेवढाच वेळ गेला. “चांगली जमते तुला. फक्त शेवटी माझा आवाज खाली येतो, तू वर नेतेस. एवढं एक सुधार.”

पाटीवरची रेघ दुरुस्त करताना बोलत तसेच ते बोलत होते. रागाने बोलले असते, रडले असते, शाप दिला असता, तर ते तिला सोसले असते. तिने मान खाली घातली. फरशीवर तिच्या पायांशी पलंगाची सावली होती, तिची होती, आणि तिच्या सावलीच्या मागे, दाराच्या बाजूने, आणखी एक बाईची सावली होती. त्या सावलीचा डावा हात उजव्यापेक्षा जाड होता. ती हलत नव्हती. कोणी सांगण्याची वाट पाहत होती.

“केव्हाची उभी आहे बिचारी,” फोनमधला आवाज म्हणाला. “आठवडाभर येतेय आणि दारातच थांबतेय. आपल्याकडे आलेल्या माणसाला बस म्हणतात, टिटवे.”

दूर, त्या आवाजाच्याही मागे, कोणीतरी मुठीत फासा खुळखुळवत होते. तो अजून टाकलेला नव्हता.

तिने मागे पाहिले नाही. मान वर न करता तिने पाय लांब केला, पलंगाजवळच्या खुर्चीला तो अडकवला आणि खुर्ची दाराच्या दिशेने सरकवली. खुर्ची करकरली, मग तिच्यावर वजन आले आणि करकर थांबली.

अप्पांचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि कोणाचा तरी हात हाती घ्यावा म्हणून पुढे झाला. तो तिच्यासाठी होता की खुर्चीवर जी बसली होती तिच्यासाठी, हे त्यांच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. आणि वर पाहायचे तोंड तिला उरले नव्हते.